हेदवकरांची न्यूझीलंड शाखा

भिंतीवर काही वाकडं टांगलेलं प्रमोदिनी हेदवकरला बघवत नसे. मिरजेच्या इस्पितळात ती अठरा वर्षं सिस्टर होती. तिच्या वॉर्डातली गणपतीची तसबीर, घड्याळ, तापाचे तक्ते, सगळं ओळंब्यात असायचं. डॉक्टर थट्टा करायचे, की या सिस्टर पेशंटचं नाकसुद्धा सरळ करून ठेवतील. तेव्हा ऑकलंडला माउंट अल्बर्टच्या त्या लाकडी घरात, म्हाताऱ्या मिसेस बेनेटच्या जेवणघरात तिने जे केलं ते कधी ना कधी होणारच होतं. इतके दिवस तिने दम कसा धरला, हेच नवल.

जेवणघराच्या भिंतीवर एक ढाल टांगलेली होती. लाकडाची, परातीएवढी, रंग उडून काळपट पडलेली. तिच्यावर एक करकोचा रंगवला होता, आणि त्याचे पाय वर, डोकं खाली. मटणवाल्याच्या दुकानात कोंबडी टांगावी तसा. प्रमोदिनी रोज टेबल पुसताना त्याच्याकडे बघायची आणि तिच्या मानेला रग लागायची. एका मंगळवारी म्हातारी अजून अंथरुणातच होती. प्रमोदिनीने खुर्चीवर चढून ढाल काढली, ओल्या फडक्याने पुसली, पर्समधली सुतळी मागच्या कडीत ओवली आणि करकोच्याला पायावर उभं केलं. तिला इतकं हलकं वाटलं की चहा ठेवताना ती गुणगुणायला लागली.

मिसेस बेनेट वॉकर ढकलत आली, खुर्चीत बसली, टोस्टला लोणी लावलं आणि मग तिची नजर वर गेली.

"हे कोणी केलं?"

"मी. उलटी लागली होती."

"उलटी लागली नव्हती, उलटी लावली होती," म्हातारी म्हणाली. सुरी खाली ठेवून तिने हात मांडीवर घेतले. "साठ वर्षांत या घरात प्लंबर आले, पाद्री आले, माझा नवरा चाळीस वर्षं हिच्याखाली बसून जेवला. कोणाला हात लावावासा वाटला नाही. तुला वाटला."

प्रमोदिनीला वाटलं, आता आपल्याला घरी पाठवणार. हे काम तिला हवं होतं. दोन हजार चारमध्ये नवऱ्याच्या, शशिकांतच्या, कॉम्प्युटरच्या नोकरीपायी ते मुलीला घेऊन इथे आले. इथे पुन्हा नर्स व्हायचं तर नोंदणी, त्यासाठी कोर्स, कोर्सला जागा नाही. तोवर घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घाल, त्यांची औषधं दे. एजन्सीतली मुलगी तिला लाडाने 'प्रॅम' म्हणायची. प्रॅम म्हणजे बाबागाडी हे सिद्धीने, तिच्या लेकीने, घरी हसत हसत सांगितलं तेव्हा प्रमोदिनी हसली नव्हती. मिसेस बेनेट मात्र पहिल्या दिवसापासून तिचं नाव पुरं घ्यायची. दमून दमून, पण पुरं.

"पुन्हा उलटी करते," प्रमोदिनी म्हणाली.

"थांब. गुरुवारपर्यंत राहू दे. मला बघायचंय."

आणि मग टोस्ट गार होत असताना तिने सांगायला सुरुवात केली.

मिसेस बेनेट माहेरची ग्रेटा वाइडनहोफर. घराणं न्युरेंबर्गचं. धंदा मिऱ्यांचा आणि केशराचा. मिरी व्हेनिसहून खेचरांच्या पाठीवरून आल्प्स ओलांडून यायची.

"आणि व्हेनिसला कुठून यायची?" प्रमोदिनीने विचारलं.

"तुझ्याकडून," ग्रेटा म्हणाली. "आमच्या आजोबांच्या पणजोबांना वाटायचं, मिरी व्हेनिसमध्येच पिकते."

केशर तपासायला गावात पंच नेमलेले. केशरात भेसळ सापडली तर माणसाला केशरासकट जाळत. प्रमोदिनीला जवळच्या सँडरिंगहॅममधल्या इंडियन दुकानातली काचेची डबी आठवली, जिच्यातलं केशर दुधात टाकलं की दूध टोमॅटोच्या सारासारखं व्हायचं. त्या दुकानदाराला जाळण्याइतका तिचा राग नव्हता. पण एकदा न्युरेंबर्ग दाखवून आणावं असं वाटलं.

पैसा झाला तसे वाइडनहोफर नगरपालिकेत बसायला लागले. मग त्यांनी आणि त्यांच्यासारख्या दुसऱ्या घराण्यांनी मिळून ठरवलं, की टाउनहॉलमध्ये वर्षाचा नाच होईल त्यात कोणी नाचायचं. ज्यांना बोलावणं ती घराणी खरी. बाकीचे कितीही श्रीमंत असोत, खिडकीखाली उभे राहून वाजंत्री ऐकोत.

"आमच्याकडे पंगत," प्रमोदिनी म्हणाली. "कोण कोणाच्या पंगतीला बसतो त्यावर."

"जेवण तरी मिळतं. आम्ही नुसतेच नाचलो," ग्रेटा म्हणाली.

नाचता नाचता त्यांनी गावं विकत घेतली, गढ्या बांधल्या, आणि धंदा सोडला. धंदा करणं म्हणजे हलकं काम असं ठरलं. मिरी विकणाऱ्यांचे नातू मिरी विकणाऱ्यांना दारात उभं करीनात. पोरं मात्र कमी होत गेली. एक लढाईत गेला, एक दारूत गेला, एकाने लग्नच केलं नाही. ग्रेटाचे वडील ती पाच वर्षांची असताना वारले. उरला एक काका. तो गेला तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

"तुला घराण्यातला शेवटचा पुरुष कसा पुरतात माहीत आहे?" तिने विचारलं.

प्रमोदिनीला कसं माहीत असणार.

शवपेटीपुढे घराण्याची ढाल उलटी धरून नेतात. खड्ड्याशी एक माणूस मोठ्याने ओरडतो: आज वाइडनहोफर, आणि पुन्हा कधीच नाही. ढाल फोडायची खरी रीत. पण ग्रेटाच्या आईने ती मागून घेतली, मोडकी नको म्हणाली. मग ती उलटीच घरी आली. पुढे आईने एका ज्यू डॉक्टरशी लग्न केलं, आणि अडतीस साली तिघं जीव घेऊन इथे आली. त्या डॉक्टरलाही इथे नोंदणी मिळेना. डॉक्टर असून तो दोन वर्षं साबणाच्या कारखान्यात पेट्या उचलत होता. ग्रेटा कापडाच्या दुकानात लागली आणि बेनेट नावाच्या बसड्रायव्हरशी लग्न केलं. बेनेटच्या घराण्यात काहीच नव्हतं, आजोबा मेंढ्या भादरायचे, त्यापलीकडचं कोणाला ठाऊक नाही. तिला फार मोकळं वाटलं.

"पण ते नंतरचं," ती म्हणाली. "त्या दिवशी मी खड्ड्याच्या कडेला उभी होते. काळे लोकरी मोजे, पायांना खाज सुटलेली. तो माणूस ओरडला, पुन्हा कधीच नाही. आणि मी तिथेच होते. वाइडनहोफर. जिवंत. मी आईला विचारलं, मग मी कोण? ती म्हणाली, घरी गेल्यावर सूप आहे."

गुरुवारी प्रमोदिनीने विचारलं, ढाल राहू दे का अशीच? ग्रेटाने मान हलवली. "उलटी कर. सरळ असली की सुंदर दिसते. सुंदर बघून मला राग येत नाही. या वयात राग आला नाही तर मी सकाळी उठू कशाला?"

प्रमोदिनीने सुतळी सोडून पर्समध्ये ठेवली.

त्याच शनिवारी पुण्याहून ईमेल आली. पुरुषोत्तमभाऊजींची. पुरुषोत्तम हेदवकर हे शशिकांतचे थोरले चुलतभाऊ. बँकेतून निवृत्त झाल्यावर आठ वर्षं ते स्कूटरवरून, एसटीने, कोकणात तर होडीनेसुद्धा फिरून हेदवकर कुलवृत्तांताची नवी आवृत्ती तयार करत होते. मूळ पुरुषापासून आजवर कोण कोणाचा मुलगा, कोणाची बायको कुठली, कोण कुठे स्थायिक. आता पुस्तक छापायला निघालं होतं. ज्याचं त्याचं पान ज्याला त्याला तपासायला पाठवलं होतं.

शशिकांतने पान मोठ्याने वाचलं. "शशिकांत गुरुनाथ हेदवकर, बीई, अभियंता, वास्तव्य ऑकलंड, न्यूझीलंड. पत्नी प्रमोदिनी, माहेर मिरज, परिचारिका. कन्या सिद्धी. शाखा समाप्त." मग म्हणाला, "छान झालंय. न्यूझीलंडमधले आपण पहिलेच."

"शेवटचं काय म्हणालात?"

"शाखा समाप्त. म्हणजे मुलगा नाही ना. अगं, पद्धत आहे ती."

प्रमोदिनी पोळ्या करत होती. तवा तापून धूर यायला लागला तरी तिने पोळी टाकली नाही.

पुढचे दिवस तिचा पाय घरात ठरेना. कपाटं आवरली, ती आवरलेलीच होती. बसची वाट बघताना बसायची जागा असून ती येरझाऱ्या घालायची. रविवारी अवोन्डेलच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता तिने शशिकांतला विचारलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटायचं काय त्यात? पुस्तक कोण वाचणार? आणि भाऊंना मी काय सांगू? कॉलेजची चार वर्षं त्यांच्या घरी राहून शिकलो मी. सुलभावहिनींनी रोज सकाळी डबा करून दिला. त्यांनी आयुष्यात एक गोष्ट मनापासून केली आणि मी तिच्यात खोट काढू?"

"खोट तुम्ही काढू नका. मी काढते."

"प्रमोदिनी, इथे सगळे बघताहेत."

"इथे मराठी कोणाला कळतंय!"

कोथिंबीरवाली बाई चिनी होती. तिने दोघांकडे बघून जुडी मुकाट पिशवीत टाकली.

सिद्धी मागे पिशव्या धरून ऐकत होती. गाडीत ती म्हणाली, "आई, हू केअर्स? इट्स अ बुक."

"तुला समाप्त म्हटलंय त्यात."

"स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत चालतंय, असं म्हणून सिद्धीने कानात हेडफोन घातले. पण घर आल्यावर तिने हळूच विचारलं, "समाप्त म्हणजे लाइक, फिनिश्ड? लाइक, डेड?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

प्रमोदिनीला सांगता येईना. सूप आहे म्हणावं, तर तेही नव्हतं.

सोमवारी तिने ग्रेटाचे केस विंचरताना तिला सगळं सांगितलं. ग्रेटा इतकी हसली की खोकला लागला.

"तुमच्याकडे ढाल फोडत नाहीत?"

"नाही. छापतात."

"म्हणजे जास्त टिकतं," ग्रेटा म्हणाली. मग आरशातून तिच्याकडे बघत राहिली. "ती मुलगी किती वर्षांची?"

"सोळा."

"मग लवकर कर काय करायचं ते. मी अकराची होते, मला कोणी पुढे केलं नाही. सोळाव्या वर्षी मी स्वतःच मागे उभी राहायला शिकले होते."

घरी येताना प्रमोदिनी वाटेतल्या डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, फोनकार्ड घेऊन आली. दुपार झाली होती, पुण्यात सकाळ. शशिकांत कामावर. सिद्धी नुकतीच शाळेतून येऊन फ्रिजपुढे उभी.

"हां, बोल प्रमोदिनी," पुरुषोत्तमभाऊजींचा आवाज खणखणीत होता. "आज इकडे कशी वाट चुकलीस? प्रूफ बघितलंस ना? शशीची पदवी बीई की बीटेक, मला शंका होती."

"पदवी बरोबर आहे, भाऊजी. शाखा समाप्त तेवढं चुकलंय."

"हॅ! ती चूक नाही गं. पद्धत आहे. पहिल्या आवृत्तीपासूनची."

"धडधाकट पोर आहे माझी. आत्ता इथे फ्रिज उघडा टाकून उभी आहे. आणि तुम्ही छापताय समाप्त."

"तिला कुठे म्हटलंय? शाखा समाप्त म्हटलंय."

"शाखेत दुसरं आहे कोण? आम्ही तिघं. तुमचे भाऊ समाप्त झाले की मी?"

भाऊजी हसले. मग समजावणीच्या सुरात आले. "हे बघ, ती लग्न होऊन जाईल. तिच्या सासरच्या कुलवृत्तांतात येईल. कुठे ना कुठे नोंद होतेच. तुझी नाही का झाली आमच्याकडे?"

"झाली की. पत्नी म्हणून. माहेरच्या पुस्तकात मी कन्या, तुमच्यात पत्नी. अठरा वर्षं वॉर्ड चालवला तो कोणाच्या पुस्तकात चालवला? आणि हिचं सासर कसं असेल कोणी सांगावं. इथले माओरी लोक पुस्तक छापत नाहीत, पिढ्या तोंडपाठ म्हणतात. आईकडूनही म्हणतात, बापाकडूनही. हिच्या शाळेत उभं करून प्रत्येकाला म्हणायला लावलं, तुझा डोंगर कोणता, नदी कोणती, माणसं कोणती. हिने काय सांगावं? माझी शाखा बंद आहे?"

"अगं, एकीचं बदललं तर सगळ्यांचं बदलावं लागेल. नुसत्या मुलीच असलेली घरं थोडी का आहेत?"

"मग बदला सगळ्यांचं. नाहीतर आमचं पानच काढून टाका."

हे तोंडातून गेलं आणि तिलाच धसका बसला. शशिकांतला विचारलं नव्हतं. 

तेवढ्यात सिद्धीने रिसीव्हर ओढून घेतला. तिला मराठी सगळं कळायचं. बोलायची वेळ आली की मात्र जीभ जड व्हायची. "काका, नमस्कार. मी सिद्धी. मी समाप्त नाही. मी इयर ट्वेल्व्ह."

पलीकडून मोठ्याने हसण्याचा आवाज आला, इतका की प्रमोदिनीलाही ऐकू गेला. मग तो हसता हसता मध्येच थांबला.

"काका वाँट्स यू," म्हणून सिद्धीने फोन परत दिला.

"प्रमोदिनी," भाऊजींचा आवाज खाली आला होता. "शशीच्या पानाच्या आधीचं पान कोणाचं आहे, माहीत आहे?"

"नाही. मला आमचंच आलं."

"आमचं आहे. पुरुषोत्तम, पत्नी सुलभा, शाखा समाप्त. आम्हाला तर मुलगीही नाही. आठ वर्षांपूर्वी हे काम घेतलं ना, तेव्हा पहिली ओळ ती लिहिली मी. म्हटलं, स्वतःचं लिहिताना हात थांबला नाही, तर दुसऱ्याचं लिहिताना थांबायचा नाही. आणि तू म्हणतेस काढा."

 सुलभावहिनींना मूल नाही हे प्रमोदिनीला लग्नापासून माहीत होतं. त्यांच्या हातचे डबे खाऊन तिचा नवरा इंजिनिअर झाला हेही माहीत होतं. या दोन गोष्टी एका ओळीत ठेवून तिने कधी बघितल्या नव्हत्या.

"भाऊजी," ती शेवटी म्हणाली, "तुमच्या पानावरचंही काढा."

 फोन बंद झाला होता. त्यांनी ठेवला की कार्ड संपलं, तिला कळलं नाही. दुसरं कार्ड आणावं तर काय बोलायचं तेही कळेना.

संध्याकाळी तिने शशिकांतला सगळं सांगितलं. पान काढा म्हटलं तेही. तो बराच वेळ जॅकेट न काढता बसून राहिला. "त्यांच्या घरातलं सगळं विकलं तरी त्या पुस्तकाइतकी किंमत यायची नाही," तो म्हणाला. "तू त्यांना काढा म्हणालीस." दोन दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सिद्धी खरंच म्हणाली, इयर ट्वेल्व्ह?" आणि तोंड फिरवून हसला.

पुण्याहून काहीच कळलं नाही. दिवाळी गेली. ग्रेटाला इथल्या हिवाळ्यात, म्हणजे जुलैत, न्यूमोनिया होऊन गेला होता, ती त्यातून उठली आणि प्रमोदिनीला रोज विचारायला लागली, छापलं का? प्रमोदिनीला कोर्सला जागा मिळाली. आता ती ग्रेटाकडे फक्त शनिवारी जायची, आणि तिच्यासाठी मिरपूड घातलेलं टोमॅटोचं सार न्यायची. ते पिऊन म्हातारी म्हणायची, हेच जर खेचरावर लादून आणलं असतं तर आम्ही अजून धंद्यात असतो.

गुढीपाडव्यानंतर पार्सल आलं. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी बांधणीचं पुस्तक. घरात ती एकटीच होती. तिने हात धुतले, पुसले, आणि उभ्या उभ्याच पान काढलं. "कन्या सिद्धी, विद्यार्थिनी, ऑकलंड." पुढे काही नाही. ओळ तिथे थांबली होती आणि खाली कोरी जागा सोडली होती, दोन-तीन माणसं मावतील एवढी.

तिने पानं उलटली. नाशिकच्या दोन मुलींखाली कोरी जागा. दापोलीच्या तिघींखालीही. माणसाने शंभर ठिकाणी ओळ खोडली होती, प्रस्तावनेत एक शब्द न लिहिता.  मग तिने आपल्या पानाच्या आधीचं पान उघडलं.

पुरुषोत्तम, निवृत्त बँक अधिकारी. पत्नी सुलभा. शाखा समाप्त.

सबंध पुस्तकात आता ते एवढ्या एकाच ठिकाणी राहिलं होतं. सगळ्यांच्यात होतं तेव्हा ती पद्धत होती. आता ते नुसतं त्यांचं झालं होतं.

पुस्तक तिने टेबलावर ठेवलं, मग उचलून कपाटावर ठेवलं, मग पुन्हा खाली आणलं. खिडकी उघडली, बंद केली. ज्यासाठी भांडली ते हातात होतं आणि बसवत नव्हतं. शेवटी तिने जँडल्स, म्हणजे रबरी चपला, पायात सरकवल्या, डेअरीतून कार्ड आणलं आणि फोन लावला.

फोन सुलभावहिनींनी उचलला. "हे देवळात गेलेत," त्या लगेच म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या घरात फोन आला की तो त्यांच्यासाठी असेल असं त्यांनी कधी धरलंच नव्हतं.

"मला तुमच्याशीच बोलायचंय, वहिनी. पुस्तक मिळालं."

"मिळालं का? बरं झालं. सिद्धीचं केलं ना नीट? तुझा फोन आला त्यानंतर दोन रात्री झोपले नाहीत. नंतर सगळी प्रुफं परत मागवली. छापखानेवाला शिव्या देत होता."

"सगळ्यांचं काढलं. तुमचं तेवढं ठेवलं."

"हो, तसं म्हणत होते. म्हणाले, आपलं खरंच आहे, ते राहू दे."

"तुम्हाला विचारलं होतं?"

"मला?" सुलभावहिनी हसल्या. "मला काय विचारायचंय त्यात. माझं नाव छापलंय की त्याच्या वरच."

"वहिनी, भाऊजी म्हणाले ते राहू दे. मी तुम्हाला विचारतेय. तुमच्या नावाखाली काय असायला हवं होतं?"

पलीकडे काही क्षण फक्त पुणं ऐकू येत होतं. कुकर शिट्टीच्या बेतात होता, कुठेतरी कोणीतरी रिक्षावाल्याला थांब म्हणत होतं.

"थांब हं," सुलभावहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा वेगळा येत होता. "ठेवू नकोस. गॅस बंद करून येते."

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. चपला फटफटत आत गेल्या. प्रमोदिनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभी राहिली. कार्डावर किती मिनिटं उरली आहेत ते सांगणारी बाई मध्येच बोलू नये एवढंच मनात म्हणत होती.